कंबोडियातली शाळा

कंबोडियाहून आल्यापासून मावशीपासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत सगळे एकच विचारताहेत, "अंगकोर वाट कसं आहे गं?" तर मंडळी, अप्रतिम आहे! दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलेलं देऊळ. पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचं जवळजवळ ५० मीटर लांबीचं शिल्प आहे. एकीकडे असुर, दुसरीकडे देव, हातात वासुकी, मधे विष्णू, खाली कासव. आजूबाजूचे गोरे पर्यटक गाईडबुकात डोकं घालून उभे होते आणि मला मात्र सगळं आजीकडून ऐकलेलं!

फोटो टाकीनच सवडीने. पण आज लिहायचंय ते वेगळंच.

सिएम रीपमध्ये आम्हाला फिरवणारा टुकटुकवाला पस्तिशीतला, भलताच गप्पिष्ट. बायोनच्या देवळातले ते दगडी चेहरे पाहताना मी सहज विचारलं, चेहऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात? म्हणाला, 'मुक'. अहो, मुख! मग मला नादच लागला. नगर म्हणजे 'नोकोर', अंगकोर हे त्याचंच रूप. शिक्षक म्हणजे 'क्रू', आपला गुरू. आणि शाळा? 'साला'! मला हसू आवरेना, आणि का हसतेय ते त्याला सांगताही येईना.

"माझे आजोबा क्रू होते," तो म्हणाला. १९७५ नंतर ते परत आले नाहीत. आजीने आपल्याला वाचता येत नाही असं सांगितलं, म्हणून ती वाचली.

हे वाक्य त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. मराठीत मनाशी म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने नोम पेन्ह घेतलं. शहरं रिकामी केली, चलन रद्द केलं, शाळा बंद केल्या, माणसांना शेतावर राबायला धाडलं. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. जानेवारी १९७९ पर्यंत, पावणेचार वर्षांत, अंदाजे १५ ते २० लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आत होती. म्हणजे साधारण चौघांतला एक.

बसने सहा तासांवर नोम पेन्ह. तिथलं तुओल स्लेंग पाहायचं की नाही, यावर आमच्यात बराच खल झाला. सुट्टीत असलं कशाला, हा मुद्दा काही अगदीच चूक नव्हता. शेवटी गेलो.

ती शाळा आहे. अगदी आपल्याकडे असते तशी. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला. वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या केल्या. व्हरांड्यांना काटेरी तारा, कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून. मुलांच्या कसरतीच्या खांबाला माणसं टांगली. अंदाजे १४ ते १८ हजार लोक इथे आणले गेले, जगले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि या तुरुंगाचा प्रमुख डुक कोण होता? गणिताचा मास्तर. पोल पॉटही कधीकाळी शिक्षकच होता.

क्रू! साला!

आपल्याकडे 'आपली संस्कृती कुठवर पोचली बघा' असं म्हणायला सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. शब्द पोचले हे खरंच, हजारो मैल, शेकडो वर्षं टिकले. पण गुरू हा शब्द तोंडात असल्याने कोणाचा हात थांबला नाही. तो तिथे थांबला नाही, तर कुठेही आपोआप थांबेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, एवढंच मला त्या व्हरांड्यात कळलं.

टुकटुकवाल्याच्या आजीचं पुढचं सांगायचं राहिलं. १९७९ नंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिकवायला माणसंच फारशी उरली नव्हती. ज्याला थोडंफार येतं त्याने इतरांना शिकवायचं, असं सुरू झालं. वाचता येत नाही म्हणणारी आजी गावातल्या पोरांना अक्षरं शिकवायला बसली.

तुम्ही कोणी जाणार असाल तर अंगकोरला तीन दिवस द्याच. पण नोम पेन्हचा तो अर्धा दिवस वगळू नका.