फेकणारा हात

बेसबॉल पहिल्यांदा हातात घेणारं पोर तो क्रिकेटच्या बॉलसारखाच धरतं: शिवण उभी, दोन बोटं तिच्या दोन बाजूंना. मी तो त्याच्या हातातल्या हातात फिरवून देतो. आता शिवण आडवी, घोड्याच्या नालासारखी वळलेली, आणि पहिल्या दोन बोटांची पेरं तिच्यावर टेकलेली. अंगठा खाली, चेंडू आणि तळहात यांच्यात थोडी फट. या चेंडूला 108 दुहेरी टाके असतात. ते बोटांना कळायला लागेपर्यंत एक मोसम निघून जातो.

बऱ्हाणपुरात फेकणाऱ्या हातांना तोटा नाही. राजघाटावर तापीच्या पाण्यात चपटे दगड उडवणारी, चिंचा पाडणारी, लूमच्या खडखडाटात गल्लीत टेनिस बॉलवर खेळणारी पोरं रोज दिसतात. यांतलं एखादं सॉफ्टबॉल-बेसबॉलला आलं की दोन दिवसांत त्याचे वडील मैदानाच्या कडेला उभे असतात. "सर, यात पुढं काय आहे?" मी खरं ते सांगतो. शालेय स्पर्धा, विभाग, राज्य, फार तर राष्ट्रीय. प्रमाणपत्राचा उपयोग नोकरीच्या अर्जाला होऊ शकतो. ते मान हलवतात आणि पोराला क्रिकेटच्या कोचिंगला घालतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मग कुणीतरी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचं नाव काढतं. त्यांच्यावरचा सिनेमा पाहिलेला असतो ना! दोघं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयात भाला फेकणारे. 2008 मध्ये जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन एजंटानं भारतात वेगवान हात शोधायची स्पर्धा घेतली. 37 हजारांहून जास्त मुलं आली. रिंकूनं ताशी 87 मैलांनी, म्हणजे 140 किलोमीटरनं चेंडू टाकून 1 लाख डॉलर जिंकले. दोघांनीही तोवर बेसबॉल खेळलेला नव्हता. कॅलिफोर्नियात टॉम हाउस या प्रशिक्षकानं त्यांच्यावर मेहनत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या संघानं दोघांशी करार केला.

ही मेहनत काय असेल, ते मला मैदानावर रोज दिसतं. भालाफेक्या धावत येतो, पुढचा पाय रोवतो आणि भाला वर, आभाळाकडं सोडतो. पिचरला, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला, धाव नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, रबरी पट्टीला पाय लावून, 18.44 मीटरवरच्या होम प्लेटमागं बसलेल्या कॅचरकडं त्याला चेंडू खाली आणायचा असतो. माझ्याकडं भाला सोडून आलेल्या एका मुलाचा प्रत्येक चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जायचा. ताकद भरपूर, पण हात फार लवकर सुटायचा. त्याला मी आठवडाभर चेंडूच दिला नाही. एका गुडघ्यावर बसवून, ओला नॅपकिन हातात देऊन नुसता हात फिरवायला लावला. कोपर खांद्याच्या रेषेत येऊ दे, फटका नाकासमोर वाजू दे, मागं नको. बाकीची पोरं हसायची. पंधरवड्यानं चेंडू कॅचरच्या छातीवर यायला लागला.

4 जुलै 2009 ला रिंकू अमेरिकेत व्यावसायिक सामन्यात उतरला. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. सिनेमा याच्या पुढं जात नाही. पिट्सबर्गनं दिनेशला 2010 च्या अखेरीस मोकळं केलं. रिंकू खालच्या श्रेणींत टिकून होता, पण त्याचं कोपर गेलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पुढं तो अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीत गेला. मेजर लीग या सर्वांत वरच्या श्रेणीपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. तिथं 30 संघ आणि प्रत्येकी 26 खेळाडू, म्हणजे जागा साऱ्या 780. त्यांच्या खाली रूकी, ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. शाळेपासून रोज खेळत आलेली हजारो मुलं या पायऱ्यांवर तुटपुंज्या पगारात बसचे लांबलांब प्रवास करत वर्षं काढतात आणि त्यांतली बहुतेक तिथूनच घरी जातात. एकोणीस-वीस वर्षांचा हात उचलून थेट यात टाकला, तर तो किती चढणार?

याउलट जपानी पिचर शोहेई ओतानीचं पाहा. जपानमध्ये शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा 1915 पासून चालू आहे. त्याच्या शाळेत मुलांकडून ध्येयांचा तक्ता भरून घेत. ओतानीच्या तक्त्यात 160 किलोमीटरचा वेग होता, तसंच कचरा उचलणं आणि पंचांशी नीट वागणंही होतं. 2012 मध्ये, शाळेत असतानाच, त्यानं 160 चा चेंडू टाकला. तरी लगेच अमेरिका नाही. आधी पाच मोसम जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये, मग 2018 ला मेजर लीग. कोपर त्याचंही दोनदा उघडावं लागलं. पण त्याच्यामागं उभी यंत्रणा होती, तो परत आला.

आपल्याकडं हात शोधायच्या स्पर्धांचं भारी कौतुक. हात जपायचा म्हटलं की कुणाला वेळ नाही. कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो, प्रत्येक जोरदार फेकीत तो ताणला जातो, आणि वाढत्या वयात त्याला विश्रांती लागते. अमेरिकेत याचे आकडेच ठरवून दिलेले आहेत: नऊ-दहा वर्षांच्या मुलानं सामन्यात एका दिवसात जास्तीत जास्त 75 चेंडू टाकायचे, अकरा-बारा वर्षांच्यानं 85, तेरा ते सोळा वर्षांच्यानं 95. नंतर ठरलेले दिवस सुट्टी. आमच्या शालेय स्पर्धेत मात्र चांगला पिचर एकच असतो, आणि सकाळचा सामना जिंकला की दुपारी पुन्हा त्यालाच उभं करतात. ढाल शाळेच्या कपाटात जाते, दुखरं कोपर घेऊन पोरगं घरी.

म्हणून बऱ्हाणपूर, रावेर, जळगावकडच्या पालकांना आणि पीटीच्या सरांना एवढीच विनंती आहे. पोराचा वेग मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. एक वही घ्या, त्यानं आज किती चेंडू टाकले ते तारखेनिशी लिहा, आणि आकडा भरला की सामना हातातून जात असला तरी त्याला बाहेर काढा. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजासाठीही अशीच वही ठेवा.