एक हात जहाजाचा

कोकणात, समुद्राच्या हाकेवर जन्मूनही ज्याला पोहता येत नाही असा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? नसेल, तर या लेखाच्या लेखकाकडे पाहावे. मालवणजवळच्या आमच्या घराची पडवी पश्चिमेला आहे. तीत बसले की दोन माडांच्या मधून समुद्र दिसतो. पण तो नुसता पाहायचा, रात्री त्याची गाज ऐकत झोपायचे आणि बांगड्यापुरते त्याच्याशी नाते ठेवायचे, असा घरचा रिवाज. गुडघ्याच्या वर पाणी चढले की वडिलांची हाक आलीच म्हणून समजावे.

या रिवाजाला कारण होते. माझे आजोबा तांडेल होते. मंगळुरी कौलांनी भरलेले गलबत ते मुंबईला नेत. १९४३ साली नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला देऊन ते निघाले आणि त्या दिवाळीला घरी आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. आजी एवढेच म्हणे, "दर्यात गेलो, तो दर्याचोच झालो." वडील तेव्हा तेरा वर्षांचे होते. ते पुढे शाळामास्तर झाले, मी बँकेत चिकटलो. अशा रीतीने समुद्राकडे पाठ करून आम्ही दोन पिढ्या सुखाने काढल्या.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नौदलात गेला! तेही एक वेळ तिने सोसले. पण एके रात्री तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "दादा, त्याला शिडाच्या जहाजावर घातलंय रे. एवढी इंजिनं असताना शिडं कशाला? तू कोचीला जा. त्याचं मन वळव. तुझं तो ऐकेल." आपले कोणी ऐकते, असे कोणी म्हटले की मला फार बरे वाटते. मी गेलो.

गाडीत मी दारूगोळा जमवला. जर्मनीचे 'पामिर' नावाचे चार डोलकाठ्यांचे जहाज होते. त्यावर मुलांना दर्यावर्दीपण शिकवीत. सप्टेंबर १९५७ मध्ये अटलांटिकवर ते वादळात सापडले. पोटात बार्ली सुटीच भरलेली होती. ती एका कुशीला सरकली आणि जहाज कलंडले. जहाजावरच्या शहाऐंशीपैकी सहा जण वाचले. बुडालेल्यांत पुष्कळशी पोरेच होती. हे ऐकल्यावर भाचा काय बोलेल, ते मला पाहायचे होते.

कोचीच्या धक्क्यावर 'तरंगिणी' उभी होती. गोव्यातच, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले हे जहाज ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाले. लांबी चोपन्न मीटर. डोलकाठ्या तीन. पुढच्या दोन काठ्यांवर चौकोनी शिडांसाठी आडवे लांब वासे बसवलेले. आमच्याकडे गलबताच्या अशा वाशाला परबाण म्हणत. २००३-०४ साली याच जहाजाने पृथ्वीला फेरी घातली. माझ्या आजोबांच्या गलबताचे शीड एकच आणि तिरके. इथे लहानमोठी मिळून वीसेक. तरीही दोरांच्या त्या जंजाळाखाली उभे राहिल्यावर डांबर, दोर आणि खारे पाणी यांचा जो वास आला, तो मला ओळखीचा वाटला. कुठून ओळखीचा, ते सांगता येत नाही.

भाचा आला. उन्हाने काळा पडला होता. मी त्याचे हात हातात घेतले. तळव्यांना घट्टे पडले होते. आमच्या घराण्यात दोन पिढ्या घट्टे कोणाच्या हाताला नव्हते; असलेच तर मधल्या बोटाला, लेखणीचे.

"इंजिन नाही का रे याला?" मी मुद्द्याला हात घातला.

"आहे की. पण इंजिन चालू असलं म्हणजे वारा कुठला, हे विचारावंसंही वाटत नाही. शिडावर असलो की झोपेतसुद्धा कळतं, वारा फिरला." मग तो उत्साहाने सांगू लागला. वारा नाकासमोर आला तर शिडाचे जहाज सरळ जाऊच शकत नाही; एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. परबाण फिरवायचे तर एका बाजूचा दोर ओढताना दुसऱ्या बाजूचा त्याच बेताने सोडावा लागतो. ओढणारे जोरकस निघाले आणि सोडणारे बेसावध राहिले, तर सगळी मेहनत पाण्यात. "ओढणं लवकर येतं, मामा. सोडायला शिकायला वेळ लागतो."

मी दारूगोळा बाहेर काढला. पामिरची गोष्ट सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "माहीत आहे मला. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, त्यांनी 'गोर्च फोक' नावाचं नवं जहाज पाण्यात सोडलं, तेही पोरांना शिकवायलाच. पामिरवरनं शिकून ते अधिक सुरक्षित बांधलं."

दारूगोळा भिजला! मी वर पाहिले. "तिथे चढतोस?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आईला सांगू नकोस. पहिल्यांदा चढलो तेव्हा अर्ध्यावर थिजलो. पाय हलेनात. वर जाववेना, खाली उतरवेना. कमरेला पट्टा होता, तरी वाटलं, गेलो."

हीच वेळ होती. 'मग चल घरी,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तिकिटाचे पैसेही खिशात होते.

"मग?" मी विचारले.

"एक जुने खलाशी माझ्यामागनं चढत होते. ओरडले नाहीत. एक पायरी खाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'एक हात आपला, एक हात जहाजाचा. आधी आपला घट्ट धर, मग जहाजाचा आपोआप सुटेल.' परबाणाखाली पाय ठेवायला एकच दोर असतो, मामा. एकानं पाय टाकला की सगळ्यांच्या पायांखालचा दोर हलतो. म्हणून आधी ओरडून सांगायचं, मी येतोय. भीती अजून वाटते. पण आता सांगून जातो."

मी गप्प राहिलो. आजोबांनी दोन्ही हात जहाजाला दिले असावेत, असे मला वाटले. वडिलांनी आणि मी दोन्ही हात स्वतःसाठी राखले. कशालाही न सोडता, कशावरही न चढता, आम्ही अर्ध्या डोलकाठीवर जन्म काढला. भीती दोघांनाही होती. आम्ही ती कोणाला सांगितली नाही. तिला शहाणपण म्हटले.

रात्री बहिणीला फोन केला. "येतो का तो?" तिने अधीरपणे विचारले.

"नाही. मी त्याला ये म्हटलंच नाही."

पलीकडे बराच वेळ शब्द नाही. ती रागावली असणार, हे मला कळत होते. रागावण्याचा तिला हक्कही होता. समुद्राने आमचे एक माणूस नेलेच होते आणि पुन्हा नेणार नाही, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी ती म्हणाली, "जेवतो का रे नीट?"

गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती. भाचा समुद्रावर होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाआधी, मला पडवीत चाहूल लागली. ती आकाशकंदिलाखाली एकटीच उभी होती.

"दादा, आत्ता वारा कुठला रे?"

समुद्राकाठी इतकी वर्षे राहून मी हे कधी पाहिलेच नव्हते. मी अंगणात उतरलो, बोट ओले करून वर धरले. गारवा डोंगराच्या बाजूने लागला.

"मतलई," मी म्हणालो. वडिलांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो आजीचा.

"त्याच्या जहाजाला बरा का?"

मला ते ठाऊक नव्हते. तरी उजाडेपर्यंत आम्ही दोघे तिथेच, समुद्राकडे तोंड करून उभे होतो.