आवरणं आणि अडवणं

परवा रात्री ओटा पुसत होते, तर धाकटी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. यंदा ती दहावीला आहे.

"आई, 'होल्ड बॅक' म्हणजे काय गं?"

मी म्हटलं, "होल्ड म्हणजे धरणं, बॅक म्हणजे मागे. मागे धरून ठेवणं."

"अगं, पण कवितेतली बाई डोळ्यातलं पाणी होल्ड बॅक करते. पाणी कसं मागे धरणार?"

मग हात पुसून डिक्शनरी काढली. गर्दी रोखणं, अश्रू आवरणं, सांगायची गोष्ट मनातच ठेवणं, कुणाला पुढे जाऊ न देणं, एवढे अर्थ त्या दोन शब्दांत! आपण मात्र रडू आवरतो, हसू दाबतो, राग गिळतो, खर्चाला हात आखडता घेतो. त्यातलं 'आवरणं' तर आपल्या बायकांचं खास. घर आवरायचं, स्वतःचं आवरायचं आणि मनही आवरायचं! बहिणाबाई चौधरींनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली, ती काही उगीच नाही. शेतात राबणाऱ्या बाईलाच ती सुचायची. त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली, त्या गेल्यावर.

लेकीला उदाहरण द्यायला लांब जावं लागलं नाही. आमच्या फुलपाड्याला पापडखिंड धरण आहे. म्हटलं, "धरणं आणि धरण, शब्द जवळचेच बघ. ते पाणी होल्ड बॅक करतं."

ती पटकन म्हणाली, "पण धरणाला सांडवा ठेवतात ना? नाहीतर फुटेल की!"

मी गप्पच झाले. थोरलीला पुढच्या शिक्षणाला पुण्याला जायचंय. आठ दिवस मी नुसतं "बघू, बघू" करत होते. मला वाटे, मी माझं रडू आवरतेय. खरं तर मी तिलाच अडवत होते. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच, मराठीत मात्र फरक लख्ख दिसला. तुम्हीच सांगा, आवरायचं ते आपलं मन. मुलीचं पाऊल का म्हणून?

सकाळी डबा भरताना थोरलीला म्हटलं, "पुण्याचा फॉर्म आजच भरून टाक." ती बघतच राहिली. माझे डोळे भरून आले, ते मी आवरले नाहीत. धाकटी तिथंच वेणी घालत होती. काही न बोलता तिनं आपला रुमाल पुढे केला.