बूट आणि पाऊल

वेगाचें कौतुक कोणास नाहीं? सन २०१९ मध्यें व्हिएन्ना येथें एलिउड किपचोगे यांनीं कार्बनची पट्टी बसविलेले बूट घालून मॅरेथॉनचें अंतर १ तास ५९ मिनिटें ४० सेकंदांत कापलें. तशा जातीचे बूट आम्हींही घेतले. परंतु आमचे तळवे सपाट, कमानीस आधार नसला कीं गुडघे ठणकतात. म्हणून बुटांतील मूळ अस्तर काढून डॉक्टरांनीं मापानें करविलेला पातळ इनसोल आंत बसविला. अस्तरावरच तो ठेवल्यास टांच उंच होऊन बुटांतून निसटते, आणि मऊ, उंच तळावर पाऊल डगमगतें. प्रथम मैदानाच्या दोन फेऱ्या मारून पाहिल्या. मगच लांबचा पल्ला धरला. विद्यार्थिमित्रहो, जगज्जेत्याच्या तऱ्हेचा बूट विकत मिळतो. त्याचें पाऊल मिळत नाहीं. आधीं आपलें पाऊल ओळखावें, मग वेगामागें लागावें.