२२ अक्षरांनी झोप उडवली!

थांबा! भेंडीची पाटी खाली ठेवा, आधी हे ऐका! मायक्रोआरएनए! ऐकलंय कधी? मीही नव्हतं ऐकलं! आता मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय, लोक मला बघून रस्ता बदलतात!

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर मुळीच नाही. भाताच्या मागून भेंडी लावणारा माणूस! सूत्रकृमी म्हटलं की मला मुळांवरच्या गाठी दिसतात आणि तोंडात शिवी येते. पण त्यांचाच एक गरीब भाऊबंद आहे, जेमतेम १ मिलिमीटरचा, जिवाणू खाऊन जगणारा, मुळांच्या वाटेला न जाणारा. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना त्याच्यात आरएनएचा एक इवलासा तुकडा कळला. अवघी २२ अक्षरं! हाच पहिला मायक्रोआरएनए! आणि मग सगळे म्हणाले, असेल त्या किड्याचंच काहीतरी, आणि मग २००० साली तसलाच दुसरा तुकडा माणसातही निघाला, आणि मग २०२४ला दोघांना थेट नोबेल! किड्यावरून!

हा तुकडा करतो काय? स्वतः काही बनवत नाही! जनुकाचा निरोप प्रथिन बनवायला निघाला की हा जाऊन चिकटतो. निरोप गप्प! बस्स, एवढंच!

आणि पोटाच्या कॅन्सरमध्ये मिर-२१ नावाचा असाच एक गडी वाढलेला सापडतो. तो गप्प कुणाला करतो? पेशींची वाढ आवरणाऱ्या पीटेन जनुकाला! अहो, माळशेज उतरताना एसटीचा ब्रेकच कुणी बांधून ठेवावा तसं! वाढ आवरणारे काही मायक्रोआरएनए मात्र कमी झालेले असतात. (त्यांची नावं विचारू नका, पाठ व्हायचीत!) या कॅन्सरचं मोठं कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूसुद्धा यांचं गणित बिघडवतो!

आणि मग कळलं, हे तुकडे रक्तात टिकून राहतात! रक्तात! सिंगापूरमध्ये असे १२ मायक्रोआरएनए मोजणाऱ्या पोटाच्या कॅन्सरच्या तपासणीला २०१९ मध्ये मान्यताही मिळाली! अर्थात रक्तात संशय आला तरी खात्रीला पोटात दुर्बीण घालून बघावंच लागतं.

आपण मात्र सगळ्याला 'पित्त झालंय' म्हणून मोकळे! तेव्हा एक काम कराच. घरात कुणाचं पोट सारखं दुखत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर सोड्याच्या पुड्या बंद करा आणि डॉक्टरांना दुर्बिणीच्या तपासणीचं विचारा. पुढे लागलंच तर परळचं टाटा हॉस्पिटल आहे. आसनगावहून लोकल धरायची, दादरला उतरायचं!