मागाची तयारी

आमच्या भिवंडींत यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच मूल मोठें होतें. पण विणण्यापूर्वीं किती वेळ जातो, हें बाहेरच्यास ठाऊक नसतें. ताण्याचा बीम चढवावा, एकेक धागा फणींतून ओवावा, तेव्हां कोठें धोटा धांवूं लागतो. गेल्या पावसाळ्यांत संगणकाच्या खोलींत आमच्यावर हीच वेळ आली.

कामवारी नदीकांठच्या ज्या गल्ल्यांत पाणी सांचतें, त्यांची नोंद नववीच्या मुलांनीं क्यूजीआयएस ह्या विनामूल्य नकाशा-प्रणालींत केली होती. गॅरी शर्मन ह्या गृहस्थांनीं ती २००२ सालीं आरंभिली. मूळ प्रणालीस हात न लावतां तिला पायथन भाषेंत लिहिलेली जोड देतां येते. हिलाच प्लगिन म्हणतात. १८०४ सालच्या जॅकार्डच्या युक्तीनें माग तोच राहून भोकांच्या पुठ्ठ्यांप्रमाणें नक्षी बदलूं लागली, तसाच कांहींसा हा प्रकार. कळ दाबतांच पाण्याच्या जागा मोजाव्या, एवढेंच आमच्या जोडीचें काम.

आरंभींच आम्ही चुकलों. पायथन निराळी आणून बसविली; तिला क्यूजीआयएसची ओळखच नव्हती! विंडोजवर ही प्रणाली स्वतःची पायथन बरोबर घेऊन येते, हें दोन सायंकाळी वायां गेल्यावर उमगलें. मग प्लगिनांच्या ठरलेल्या फोल्डरांत आमचें फोल्डर ठेविलें. आंत दोन फायली अवश्य लागतात : एकींत जोडीचें नांव, आवृत्ति व कर्ता, दुसरी 'इनिट' नांवाची, जिच्यावांचून प्रणाली त्या फोल्डराकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. तरीहि यादींत आमची जोड दिसेना.

मजकूर ज्या विद्यार्थ्यानें लिहिला होता, त्याचे वडील रात्रपाळीस माग चालवितात. "घाईनें लिहितोस, म्हणून हें होतें," असें आम्ही त्यास सर्वांदेखत बोललों. तो खालीं पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशीं त्यानें फायलींचीं लपलेलीं शेपटें दाखविण्याची खूण चालू केली. 'पीवाय'च्या मागें 'टीएक्सटी' चिकटलेलें होतें. नोटपॅडांत ती फाईल जतन केली होती आम्हींच.

"सर, नांव बदलूं का?" एवढेंच तो म्हणाला. आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. जिभेस तें जड गेलें, हें लपवीत नाहीं.

नांव बदललें, प्रणाली पुन्हां उघडली, कळ उमटली. त्यानें ती दाबली व आकडा आला. मागच्या बांकावरून एक मुलगी म्हणाली, "आमची गल्ली राहिली, सर." आम्ही पुन्हां नकाशा उघडला.