सावली उसनी मिळत नाही

कागदाचं सूर्यघड्याळ कापताना कात्री एका आकड्यावर थांबली : 49. न्यूरेंबर्गचा गेऑर्ग हार्टमन सोळाव्या शतकात असल्या तबकड्या कागदावर छापायचा आणि त्या लाकडावर चिकटवल्या जायच्या. पितळ ज्यांना परवडत नसे, त्यांच्याही हाती वेळ आली. पण 49 हे त्याच्या गावाचे अक्षांश. मी बसले आहे जबलपुरात, सदरमध्ये, 23वर. इथे ही तबकडी चुकणारच.

म्हणून घड्याळाला नकाशाची सोबत लागे. त्याच गावचा एर्हार्ट एट्सलाउब होकायंत्रं बनवायचा. 1500च्या ज्युबिली वर्षी रोमला निघणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्याने रस्त्यांचा नकाशा छापला. वाटेवर ठिपके, दोन ठिपक्यांत एक जर्मन मैल. दक्षिण वरच्या बाजूला. ऊन समोर घेऊन उभं राहणाऱ्याला दक्षिणच पुढे असते, मला ही मांडणी आजच्यापेक्षा जास्त पटते. पुढे 1511 आणि 1513च्या घड्याळांच्या झाकणांवर त्याने नकाशे कोरले. त्यांतल्या अक्षांशरेषा उत्तरेकडे जाताना एकमेकींपासून दूर होत जातात. अशाच रेषांसाठी ओळखला जाणारा मर्केटरचा नकाशा मात्र नंतरचा, 1569चा!

आमच्या सदरच्या घरी आजीकडे असं झाकण नव्हतं, अंगण होतं. तुळशीवृंदावनाची सावली तिसऱ्या फरशीला टेकली की ती भाताचं आधण ठेवायची. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत. भोंगा होऊन ते सायकलवरून येईपर्यंत भात मऊ व्हायला हवा. पण तिसरी फरशी दिवाळीची. होळीला सावली आखडायची, म्हणून दुसरी खूण. दोन्ही गेरूच्या, पावसात धुऊन जायच्या, दसऱ्याला ती त्या पुन्हा ओढायची, रांगोळीच्या आधी. मी एकदा खोडकरपणे एक खूण बोटभर सरकवली. तिने काही न विचारता सावलीकडे पाहिलं, आणि खूण पुसून जागेवर आणली. जूनमध्ये मात्र ती खुणांकडे बघायचीच नाही. कर्कवृत्त इथून तीसेक किलोमीटर उत्तरेला. 12 जूनच्या आसपास आणि पुन्हा महिना सरताना सूर्य ऐन डोक्यावर येतो, वृंदावन आपली सावली पोटात घेतं.

अंगणाची वेळ सावलीची, रेल्वेची मात्र वेगळी. मुंबईहून आणि कलकत्त्याहून आलेले रूळ मार्च 1870मध्ये जबलपुरातच जुळले. दोन्ही शहरांच्या वेळांत तेव्हा तासाभराचं अंतर होतं, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती आणि सदरच्या उन्हाची वेळ यांत जेमतेम दीड मिनिटाचा फरक. 1906मध्ये प्रमाणवेळ आली, आणि आमचं अंगण घड्याळाच्या दहा मिनिटं मागे राहिलं.